घरातला कापूस आणि माझा कॉल

2023 च्या उन्हाळ्यात आमच्या समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस होता आणि आम्ही अंगणात झोपत होतो. आदल्या वर्षी कापसानं 10 हजारांचा भाव दाखवला होता. तो आकडा बाबांच्या डोक्यात रुतून बसलेला. आठ हजार झाला, थांबले. साडेसात झाला, थांबले. आईच्या हातांना खाज सुटली तरी थांबले. शेवटी पेरणी तोंडावर आली तेव्हा सात हजारांच्या आसपास विकला. मी तेव्हा त्यांना 'तोटा मान्य करायला शिका' म्हणून ऐकवत होतो. शेअर बाजार यूट्यूबवर शिकलेला माणूस ना मी!

मग आला 3 जून 2024. लोकसभेच्या एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी, म्हणजे 50 मोठ्या शेअरचा निर्देशांक, एका दिवसात सव्वातीन टक्के चढून 23,263 वर. मी बियाणं आणायला दारव्ह्याला निघालेलो. दहा एकरांच्या कपाशीला वीस थैल्या, 864 प्रमाणे 17,280 रुपये खात्यात. एसटी स्टँडवर बसल्या बसल्या त्याच पैशांचे कॉल घेतले, म्हणजे निफ्टी वर गेला तर कमाई देणारे सौदे. स्टॉपलॉस, म्हणजे ठरल्या तोट्यावर आपोआप विकायची ऑर्डर? उद्या तर वरच जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी मतमोजणी. आमच्याकडे रेंज फक्त निंबाच्या पारावर मिळते, तिथं बसलो. निफ्टी घसरायला लागला तसे कान तापले. ॲप बंद करायचो, परत उघडायचो. मग खताचे नऊ हजार टाकून पडलेल्या भावात आणखी कॉल घेतले, ॲव्हरेज केलं. वर जाईल असं वाटलं म्हणून नाही हो, तो लाल आकडा बघवत नव्हता म्हणून. दुपारी निफ्टी 21,281 ला टेकला, बंद झाला 21,884 वर. एका दिवसात 1,379 अंश. माझ्या कॉलचे चहापाण्यापुरते पैसे उरले. बियाणं शेवटी उधारीवर आणलं.

2021-22 मध्ये फ्युचर-ऑप्शनवाल्या (माझा कॉल त्यातलाच) 100 किरकोळ लोकांपैकी 89 जण तोट्यात गेले, हे बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं आधीच सांगितलं होतं. मी वाचलंही होतं. फक्त स्वतःला उरलेल्या अकरात धरून चाललो होतो.

आता ऑर्डरसोबतच स्टॉपलॉस टाकतो. लागोपाठ दोन तोटे झाले की फोन आईकडे, ती तो ज्वारीच्या कोठीवर ठेवते. आणि एक वही केली आहे. सौदा घ्यायच्या आधी 'का घेतो' ते लिहायचं. एकदा खरंखुरं लिहून गेलो, 'सकाळचे गेलेले परत आणायला'. वाचलं आणि पेन ठेवला. भीतीनं माझे फार पैसे गेले नाहीत, ती निदान हात आखडायला लावते. रागानं गेले.

परवा कापूस विकायचा विषय निघाला तेव्हा बाबांना वही दाखवली. म्हटलं, तुम्हीपण एक भाव लिहून ठेवा, त्याच्या खाली जायला लागला की विकून मोकळं व्हायचं.

बाबांनी चष्मा लावून वही बराच वेळ पाहिली.

"म्हंजे हरायचा भाव आधीच लिवून ठेवाचा? मंग पेरावं कायले, लेका?"