पोलिसांनी सोडलं, कॅप्टनने नाही

वकीलबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "मुंबईपासून घरापर्यंत तिकीट एकच होतं का?" मी गेलो होतो विमानातून उतरवलं त्या अपमानाची हकिकत सांगायला. मध्येच तिकिटाचं काय निघालं, मला कळेना.

तिकीट एकच होतं. आईबाबांना भेटून सांगलीहून मुंबई, तिथून युरोपमार्गे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा एक मोठा विमानतळ, आणि शेवटचा छोटा टप्पा नॉर्थ कॅरोलायनातल्या रालेपर्यंत. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मग कोर्टाचा रस्ता जवळजवळ बंद आहे असंच धरून चला."

कारण असं, की शेवटचा टप्पा अमेरिकेतल्या अमेरिकेत असला, तरी तो एकाच आंतरराष्ट्रीय प्रवासाचा भाग असेल तर त्यालाही १९९९चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. या करारात भरपाई आहे ती मृत्यूची, शारीरिक इजेची, सामानाची, उशिराची. भेदभावाचं त्यात खातंच नाही. आणि करारात जे नाही ते दुसऱ्या कायद्याखालीही मागता येत नाही, असा अर्थ तिथल्या न्यायालयांनी लावलेला आहे. बहामाला निघालेल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाला न्यूयॉर्कच्या केंद्रीय अपील न्यायालयाने २००२ मध्ये हेच सांगितलं. तेव्हा आधीचा वॉर्सा करार लागू होता. आमच्या वर्णामुळे आमची जागा गेली, हा त्यांचा दावा करारापाशीच अडला. तो निकाल लिहिणाऱ्या सोनिया सोटोमायोर पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या. हाच शेवटचा टप्पा मी वेगळं तिकीट काढून केला असता, तर कंत्राट करण्याचा हक्क सर्व वंशांना सारखाच, असं सांगणाऱ्या १८६६च्या नागरी हक्क कायद्याखाली निदान दारात तरी उभं राहता आलं असतं. बॅगा थेट घरापर्यंत जाव्यात म्हणून आपण सगळेच एक तिकीट काढतो. त्याचा असाही हिशेब असतो, हे बुकिंग करताना कुणाच्या डोक्यात येणार?

त्या शेवटच्या टप्प्यावर घडलं ते थोडक्यात सांगतो, अशा हकिकती तुम्ही वाचलेल्या असतीलच. विमान सुटण्याआधी डोळे मिटून मनातल्या मनात स्तोत्र म्हणायची सवय मला आजीने लावली. मनातल्या मनात म्हणायचं, पण ओठ हलतात. सुट्टीत दाढी वाढलेली, लांबच्या प्रवासाने डोळे तांबारलेले. शेजारचा माणूस उठून पुढे गेला आणि हवाईसुंदरीशी काहीतरी बोलला. थोड्या वेळाने गेटवरची एक कर्मचारी आत आली आणि म्हणाली, "सामान घेऊन जरा बाहेर येता का?" पुढच्या-मागच्या सगळ्या माना वळल्या. विमानाला जोडलेल्या बोगद्यात विमानतळाचे दोन पोलीस उभे होते. त्यांनी पासपोर्ट पाहिला, बॅग उघडली, चिवड्याच्या पुडीबद्दल विचारलं, मी काय पुटपुटत होतो ते विचारलं. वागायला दोघेही सरळ होते. त्यातल्या मोठ्याने गेटवाल्या बाईला माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं, आमच्याकडून काही हरकत नाही, यांना बसू द्या.

बाई आत जाऊन आली. कॅप्टन मला न्यायला तयार नव्हता. स्वतः तो बाहेर आला नाही, माझ्याशी एक शब्द बोलला नाही. दार लागलं. संध्याकाळच्या विमानात त्याच कंपनीने मला बसवलं, त्याच दाढीसकट, त्याच चिवड्यासकट. दुसरी तपासणी नाही की प्रश्न नाही.

तक्रारीचा कणा काय, हे मला त्या संध्याकाळी गेटवर बसल्या बसल्या कळलं. आत्ता मी सुरक्षित असेन, तर दुपारी कसा नव्हतो?

कॅप्टनला अधिकार आहे, यात वाद नाही. अमेरिकी कायद्यातलं एक कलम, ४४९०२, विमान कंपनीला सांगतं की सुरक्षिततेला घातक ठरू शकेल असं वाटलं तर प्रवाशाला नाकारता येईल. दुसरं कलम, ४०१२७, सांगतं की वंश, वर्ण, मूळ देश, धर्म, लिंग किंवा कूळ पाहून कुणाशीही भेदभाव करता येणार नाही. अशा तक्रारींचं सगळं भांडण या दोन कलमांच्या मधल्या जागेत चालतं. कंपनी पहिल्यावर बोट ठेवते, आपण दुसऱ्यावर. एखाद्या शेजाऱ्याला भीती वाटली आणि कर्मचाऱ्यांनी चौकशी केली, इथपर्यंत कंपनीची बाजू भक्कम असते. ती कमकुवत होते चौकशी झाल्यावर. संशय फिटल्यावरही नेलं नाही, तर मग कशामुळे नेलं नाही, याचं उत्तर कंपनीला द्यावं लागतं. म्हणून विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी वाहतूक विभागाकडे मी केलेल्या तक्रार अर्जात शेजाऱ्यावर दोन ओळी होत्या, आणि पोलिसांच्या "हरकत नाही" नंतर काय झालं यावर दोन पानं.

घरच्यांची वेगळीच मसलत चालू होती. मावशी म्हणाली, दाढी काढून टाक आधी. काका म्हणाले, "पहिल्याच ओळीत लिही, मी हिंदू आहे, त्यांचा गैरसमज झाला. विषय संपेल." हाच सल्ला ऑफिसातल्या एका मराठी मित्रानेही दिला, जरा चांगल्या इंग्रजीत. यातली माया मला कळते. पण त्या ओळीचा अर्थ काय होतो पाहा: तुम्ही चुकीच्या माणसाला उतरवलंत, बरोबर माणूस सापडला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं.

मी ती ओळ लिहिली नाही. २००६च्या ऑगस्टमधली एक बातमी माझ्या डोक्यात होती. अ‍ॅमस्टरडॅमहून मुंबईला निघालेलं विमान डच हवाईदलाच्या दोन एफ-१६ विमानांच्या पहाऱ्यात माघारी आणलं आणि बारा भारतीय प्रवाशांना अटक केली. मोबाइल हाताळणं वगैरे त्यांचं वागणं संशयास्पद वाटलं म्हणे. ते मुंबईचे मुसलमान होते. काहीही सापडलं नाही, दुसऱ्या दिवशी सोडून दिलं. त्यांनी कुठली ओळ लिहायची होती?

कायद्याच्या दृष्टीनेही त्या ओळीचा उपयोग नव्हता. वाहतूक विभागाने जानेवारी २०१७ मध्ये विमान कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात स्वतःला विचारायचा एक प्रश्न दिला आहे: या माणसाचा वंश, धर्म, मूळ देश आपल्याला जो वाटतो आहे तो नसता, तर आपण हेच केलं असतं का? मी खरोखर कोण आहे याला महत्त्व नाही, समोरच्याने मला कोण समजून काय केलं याला आहे. हा प्रश्न मी अर्जात जसाच्या तसा उतरवला. वकीलबाईंनी जॉन सेर्केइरा यांचा खटलाही वाचायला दिला. हा पोर्तुगीज वंशाचा अमेरिकन माणूस. डिसेंबर २००३ मध्ये बोस्टनहून फोर्ट लॉडरडेलला जाताना त्याला विमानातून उतरवलं. त्याच्या रांगेत दोन इस्रायली बसलेले होते, आणि तिघेही मध्यपूर्वेतले असावेत असा कर्मचाऱ्यांचा समज झाला, हा त्याचा दावा. चौकशीत काही निघालं नाही, तरी त्या दिवशी पुन्हा घेतलं नाही. ज्युरीने त्याला चार लाख डॉलर दिले. अपील न्यायालयाने २००८ मध्ये तो निकाल फिरवला आणि कॅप्टनच्या अधिकाराची बाजू घेतली. ते वाचून माझी कोर्टाची उरलीसुरली हौस फिटली.

आता कागदांविषयी, कारण खरी लढाई तिथेच असते. गेटवर बसूनच मी फोनमध्ये सगळं टिपलं: वेळ, गेट, कोण काय बोललं, कर्मचारीच्या बिल्ल्यावरचं नाव. कारण लेखी द्या म्हटलं तर मिळालं नाही, मग मागितलं होतं आणि दिलं नाही, हेही टिपलं. दोन्ही बोर्डिंग पास ठेवले. रांगेपलीकडची एक गोरी निवृत्त शिक्षिका मला उतरवताना स्वतःचा ईमेल कागदाच्या रुमालावर लिहून हातात कोंबून गेली होती. तो रुमाल पासपोर्टमध्येच ठेवला.

सगळ्यात मोलाचा कागद मात्र पोलिसांकडून आला, आणि तो मागायचा असतो हे बहुतेकांना माहीत नसतं. विमान कंपनी आपला अंतर्गत अहवाल प्रवाशाला देत नाही. विमानतळाचे पोलीस पडले सरकारी. आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखे कायदे तिथे प्रत्येक राज्यात आहेत. त्या राज्याच्या कायद्याखाली अर्ज केला, घटनेची नोंद मागितली, अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा अशी लेखी विनंती केली. हे लगेच करावं, चित्रण कायम ठेवत नाहीत. नोंद आली तेव्हा त्यात चार ओळी होत्या: प्रवाशाने सहकार्य केलं, धोका आढळला नाही, प्रवासाला हरकत नसल्याचं कंपनीला कळवलं, न नेण्याचा निर्णय कंपनीचा. माझ्या दोन पानांपेक्षा त्या चार ओळींना वजन जास्त होतं.

एक गोंधळ आमच्या मंडळींत नेहमी होतो. सुरक्षा तपासणीच्या रांगेत त्रास झाला तर तो टीएसएचा विषय, म्हणजे सरकारी यंत्रणेचा. तुमचं नाव यादीतल्या कुणाशी जुळतं म्हणून दर वेळी बाजूला घेत असतील, तर गृहसुरक्षा विभागाकडे अर्ज करून एक क्रमांक मिळवता येतो आणि पुढच्या तिकिटांवर तो टाकता येतो. माझ्या एका मित्राचा छळ त्याने बराच कमी झाला. पण गेटवर किंवा विमानात कंपनीच्या माणसांनी केलेल्या भेदभावाला हा क्रमांक काही करत नाही. तिथे वाहतूक विभागच.

आधी कंपनीला लिहिलं. तीस दिवसांत पोच आणि साठ दिवसांत मुद्द्याला धरून उत्तर देणं त्यांना नियमाने बंधनकारक आहे. उत्तर मुदतीत आलं, मुद्द्याला धरून मात्र नव्हतं. गैरसोयीबद्दल खेद, सुरक्षितता हे आमचं पहिलं प्राधान्य, आणि सोबत एक व्हाउचर. माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांची २००९ मध्ये दिल्ली विमानतळावर एका अमेरिकी कंपनीच्या लोकांनी झडती घेतली, तेव्हा संसदेत आवाज उठला आणि कंपनीने माफी मागितली. आपल्यासारख्यांचा आवाज व्हाउचरच्या रकमेएवढा. मी ते वापरलं नाही. घ्यायला हरकत नसते, पण खालच्या बारीक अक्षरात 'यापुढे दावा नाही' असं काही आहे का ते आधी वाचावं.

मग वाहतूक विभागाचा ऑनलाइन अर्ज. तो फुकट असतो, वकील लागत नाही, अमेरिकेचं नागरिकत्वही लागत नाही. विभाग तुम्हाला पैसे मिळवून देत नाही, हे मात्र आधीच समजून घ्यावं. तो कंपनीकडून खुलासा मागवतो, कायदा मोडला का ते ठरवतो, आणि फार झालं तर कंपनीला दंड करतो. दंडाच्या बातम्या वाचून माझ्या मनात भलत्या आशा होत्या. ११ सप्टेंबरनंतरच्या तक्रारींवरून २००३-०४ मध्ये दोन बड्या कंपन्यांना प्रत्येकी पंधरा लाख डॉलर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर खर्च करायला लावले होते. ज्यू प्रवाशांना फ्रँकफर्टला सरसकट पुढच्या विमानात बसू दिलं नाही म्हणून लुफ्तान्झाला २०२४ मध्ये चाळीस लाख डॉलरचा दंड झाला, पण तिथे एकाच घटनेत १२८ प्रवासी होते आणि विभागाकडे चाळीसहून अधिक तक्रारी होत्या. माझ्या प्रकरणाशी जुळणारं उदाहरण छोटं होतं: २०१६ मध्ये पॅरिसहून एका मुस्लिम जोडप्याला आणि अ‍ॅमस्टरडॅमहून एका मुस्लिम प्रवाशाला उतरवलं, कंपनीच्याच सुरक्षा विभागाने शंका घेण्यासारखं काही नाही म्हटल्यावरही नेलं नाही. २०२० मध्ये डेल्टाला त्याबद्दल पन्नास हजार डॉलर दंड झाला. त्या आदेशातली मांडणी मी अर्जाला जोडली. पोलिसांच्या चार ओळीही.

मग वाट पाहणं. मधूनमधून विभागाचा ईमेल येई, कंपनीचं म्हणणं आलं आहे, छाननी चालू आहे. कंपनीच्या खुलाशात मी 'अस्वस्थ आणि असहकार करणारा' झालो होतो. 'प्रवाशाने सहकार्य केलं' ही पोलिसांची ओळ तिथे कामाला आली. शिक्षिकाबाईंनीही त्यांनी पाहिलं ते लिहून दिलं.

निर्णयाचं पत्र कोरडं होतं. पहिल्यांदा उतरवून चौकशी करणं अधिकारात बसतं. चौकशीनंतर न नेणं त्यात बसत नाही, तेवढ्यापुरता कायद्याचा भंग. कंपनीला ताकीद, आणि पुढे अशा तक्रारींचा सिलसिला दिसला तर कारवाईत हे प्रकरण धरलं जाईल. दंड नाही. काकांनी विचारलं, मग मिळालं काय? त्या टप्प्याचे पैसे परत मिळाले आणि कंपनीच्या एका अधिकाऱ्याचं सहीचं पत्र मिळालं. त्यात या वेळी 'गैरसोय' हा शब्द नव्हता. चौकशी पूर्ण झाल्यावर तुम्हाला न्यायला हवं होतं, असं सरळ वाक्य होतं. दाढी अजून आहे.

दोन्ही पत्रांच्या प्रती शिक्षिकाबाईंना पाठवल्या. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं. त्या दिवशी घरी पोचल्या पोचल्या त्यांनीही कंपनीला स्वतंत्र तक्रार लिहिली होती, हे मला माहीत नव्हतं. त्यांना आलेलं व्हाउचर माझ्यापेक्षा मोठ्या रकमेचं होतं.