गुलाबावरचा बर्फ

मे महिना, दुपारचे तीन. पंखा पाचवर असूनही गरम हवाच फिरवतोय. अशा वेळी फोन थरथरतो आणि कुणाच्या तरी काकांकडून ‘शुभ सकाळ’ येतं. लालभडक गुलाब, त्याखाली पांढरी अक्षरं आणि गुलाबावर भुरभुरणारा बर्फ. शुभ सकाळ दुपारी तीनला येणं आपण केव्हाच माफ केलेलं आहे. मे महिन्यातल्या बर्फालाही हरकत नाही. सतावतो तो हिसका. दर दोन-तीन सेकंदांनी सगळे हिमकण एकदम दचकतात, जागा बदलतात आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा पडू लागतात. एकदा हा हिसका दिसला की गुलाब दिसायचा बंद होतो.

असं हलतं चित्र म्हणजे जीआयएफ. थोडी थोडी वेगळी चित्रं, म्हणजे फ्रेम, एकामागून एक दाखवायच्या आणि शेवटची संपली की पुन्हा पहिलीपासून. त्यात बर्फ पाडायला बसलं की हिसका कुठून येतो ते कळतं. हिसक्याचं मूळ गणितात आहे आणि ते गणित चौथीतलं आहे. समजा, चित्र १०० बाय १०० पिक्सेलचं आहे. त्यावर तेवढाच मोठा बर्फाचा थर, म्हणजे ठिपके टाकलेला पारदर्शक कागदच, ठेवायचा आणि दर फ्रेमला तो थोडा खाली सरकवायचा. खालून बाहेर गेलेला भाग वरून परत आत आला पाहिजे. जिम्प या चित्रांवर काम करायच्या प्रोग्रॅममध्ये हे काम ‘ऑफसेट’ करतं, फक्त ‘रॅप अराउंड’ निवडलेलं हवं. इमेजमॅजिक या तसल्याच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये यालाच ‘रोल’ म्हणतात. दर वेळी ४ पिक्सेल सरकवलं, तर २५ फ्रेममध्ये १०० भरतात आणि सव्विसावी फ्रेम म्हणजे पुन्हा पहिलीच. ती सव्विसावी ठेवायची नाही. ठेवली तर एकच दृश्य लागोपाठ दोनदा दिसतं आणि पडता पडता बर्फाला उचकी लागते. घाईत काम करणारा १० फ्रेम घेतो आणि ७-७ पिक्सेल सरकवतो. ७० झाले, ३० राहिले. ते राहिलेले ३० शेवटच्या एका उडीत वसूल होतात. काकांच्या गुलाबावरचा हिसका याच वसुलीचा.

एकच थर सरकवला तर बर्फ पडत नाही, ठिपक्यांचा पडदा खाली उतरतो. म्हणून थर तीन हवेत. लांबचे कण १ पिक्सेलचे, करडे. मधले २ पिक्सेलचे. जवळचे ३-४ पिक्सेलचे, पांढरेशुभ्र आणि मोजून चार-पाच. लांबचा थर २ने, मधला ४ने आणि जवळचा ८ने सरकवायचा. २५ फ्रेममध्ये मधल्याची एक फेरी होते, जवळच्याच्या दोन. लांबचा मात्र ५०वरच अडकतो. त्यावर उपाय असा, की त्या थराचा वरचा अर्धा भाग जसाच्या तसा खालच्या अर्ध्यात चिकटवायचा. मग ५० पिक्सेल सरकला तरी चित्र जुळतं. नक्कल केली आहे हे करड्या एकेक पिक्सेलच्या गर्दीत कुणाच्या लक्षात येत नाही.

किती कण टाकायचे, यावर माझं मत ठाम आहे. वाटतात त्याच्या निम्मे. १०० पिक्सेलच्या चित्रात तिन्ही थर मिळून तीस-पस्तीस पुरे. त्यापुढे गेलं की बर्फ कमी आणि कोंडा जास्त वाटायला लागतो. सहा पाकळ्यांचा नक्षीदार हिमकण ९ पिक्सेलमध्ये बसवायचा हट्टही सोडावा. अमेरिकेत व्हर्माँटमधल्या जेरिको गावच्या विल्सन बेंटलीने १८८५मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात ५,०००हून जास्त काढले. ती बारीक नक्षी तशी नीट दिसायला सूक्ष्मदर्शक लागतो. नुसत्या डोळ्याला पडणारा बर्फ म्हणजे ठिपकाच, आणि ९ पिक्सेलमधली नक्षी म्हणजे कीबोर्डवरची फुली.

ठिपके हाताने टाकताना आपल्याकडच्या माणसाचा घात करते ती रांगोळी. बोटाला सवय असते सारख्या अंतरावर ठिपके देण्याची. दर ८ पिक्सेलवर एक ठिपका दिला आणि थरही ८नेच सरकवला, तर प्रत्येक ठिपका पुढच्याच्या जागी जाऊन बसतो आणि बर्फ हवेत उभा राहतो. ७ने सरकवला तर चक्क वर चढायला लागतो. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं, तसलाच हा प्रकार. तेव्हा ठिपके वेडेवाकडेच हवेत.

दुसरा घात पावसाचा. पाऊस कसा काढायचा हे आपल्याला शिकवावं लागत नाही. तिरप्या रेघा, सगळ्या एका दिशेला, जोरात. बर्फ काढायला बसलो तरी हाताखालून पाऊसच उतरतो, फक्त पांढरा. आपल्या रोजच्या बोलण्यातही बर्फ एकच. आभाळातून पडतो तोही बर्फ आणि उसाच्या रसात घालतात तोही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची बातमी हिवाळ्यात पेपरात येते, पण ते गोठलेलं दव गवतावर सकाळी सापडतं, पडताना दिसत नाही. ‘स्नो’ आपल्या घरात आला तो पावडरचा हात धरून, आणि तो चेहऱ्याला लावायचा असे.

पडणं कसं असतं ते बघायचं तर म्हातारी बघावी. रुईचं बोंड फुटलं की रेशमी केसांची ती बी हवेत निघते. हिला खाली यायचं असतं, पण घाई नसते. थोडी उतरते, थबकते, बाजूला सरकते, मधेच विचार बदलून वर जाते. धावत जाऊन मूठ मिटावी तर मुठीच्या वाऱ्यानेच ती निसटते. जवळच्या थराला हीच चाल द्यायची. खाली सरकवताना दर फ्रेमला एखादा पिक्सेल बाजूलाही न्यायचा, ३ पिक्सेल उजवीकडे, परत मध्यावर, मग ३ डावीकडे. पंचविसाव्या फ्रेमनंतर आडवी बेरीज शून्य झाली पाहिजे, नाहीतर हिसका आता आडवा येतो. मधल्या थराला १ पिक्सेलचा झोका पुरे. लांबचा सरळ पडला तरी चालतं.

ठिपके हाताने टाकायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी दुसरी वाट आहे. काळा थर घ्यायचा, त्यावर ‘नॉइज’, म्हणजे अस्ताव्यस्त ठिपक्यांची खरखर, टाकायचा, १ पिक्सेलचा ब्लर देऊन ते धूसर करायचे, ‘थ्रेशोल्ड’ने फिके ठिपके काळे करून मोजकेच उजळ ठिपके शिल्लक ठेवायचे आणि थराचा मोड ‘स्क्रीन’ करायचा. काळं नाहीसं होतं, पांढरं उरतं. मात्र ब्लरला चित्राच्या कडेपलीकडचं काही ठाऊक नसतं, त्यामुळे जोडावर कधी कधी आडवी शिवण दिसते. थर ५०-५० पिक्सेल सरकवला की ती मधोमध येते. तिथले अर्धे तुटलेले ठिपके पुसायचे आणि थर परत जागेवर न्यायचा.

नॉइज टाकलेला तो काळा थर पडद्यावर दिसतो ना, त्या क्षणी गंमत होते. हे आपण पाहिलेलं आहे. या तर मुंग्या! गच्चीवर एक जण अँटेना धरून, जिन्यात एक निरोप्या, आत एक टीव्हीसमोर. “आलं?” “नाही!” “आता?” “आलं होतं, गेलं! तिथेच धर!” पडद्यावर खरखर आणि मुंग्यांची वारुळंच्या वारुळं. इंग्रजी बोलणारे त्याच खरखरीला स्नो म्हणतात. त्यांना त्यात बर्फ दिसला, आपल्याला मुंग्या दिसल्या. जो तो आपापल्या अंगणात जे आहे ते बघणार. म्हणजे आपण बर्फ करायला बसतो तो मुंग्यांपासूनच.

आणि मुंग्या परत येतात. जीआयएफ हा १९८७चा प्रकार, कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी ऑनलाइन सेवेने आणलेला. एका पॅलेटमध्ये, म्हणजे रंगांच्या यादीत, जास्तीत जास्त २५६ रंग. फोटोत त्याहून कितीतरी जास्त असतात, म्हणून मधल्या छटा ठिपके मिसळून भागवतात. त्याला डिदरिंग म्हणतात. त्यातली फ्लॉइड-स्टाइनबर्ग नावाची पद्धत एका पिक्सेलची चूक शेजारच्या आणि खालच्या पिक्सेलवर ढकलते. स्थिर चित्रात ती छान दिसते. पण वरून एक हिमकण सरकला, की त्याच्याखालच्या सगळ्या चुकांची वाटणी नव्याने होते आणि न हलणारा गुलाब वळवळू लागतो. म्हणून डिदरिंग ‘पोझिशन्ड’, म्हणजे ठिपके जागच्या जागी राहतील असं, ठेवायचं किंवा अजिबात नको, आणि सगळ्या फ्रेमना मिळून पॅलेट एकच द्यायचं.

बाकीच्या खोड्या किरकोळ, पण नेमक्या शेवटी उपटतात. फ्रेमचा थांबा सेकंदाच्या शंभराव्या भागात द्यायचा असतो. १० दिला तर २५ फ्रेमची फेरी अडीच सेकंदांची, म्हणजे बर्फाला शोभेल अशी. वेग वाढवायला कुणी ० किंवा १ देतो, तर ब्राउझर त्याला वेडा ठरवून स्वतःच १० धरतात. फेरी कायम चालावी हे वेगळं सांगावं लागतं. ती सोय मूळ जीआयएफमध्ये नव्हतीच, नेटस्केप या जुन्या ब्राउझरने नंतर जोडली. विसरलं तर बर्फ एकदा पडतो आणि मग हवेतच लटकतो. मूळ चित्र फिकं असेल तर पांढरा बर्फ दिसतच नाही, आधी चित्र थोडं गडद आणि निळसर करावं लागतं. कोपऱ्यांवर, कौलांवर, पाकळीच्या वरच्या कडेला दोन पिक्सेल पांढरे रंगवले की पडणाऱ्या बर्फाला पडायला जागा मिळते. गणपतीच्या देखाव्यातल्या हिमालयावर पिंजलेला कापूस डकवतात तसंच हे. शिवाय साचलेला बर्फ हलत नाही, त्यामुळे फाइल फारशी फुगत नाही. फुगवतात ते हलणारे कण. न बदललेले पिक्सेल दर फ्रेममध्ये पारदर्शक करून टाकले की फाइल बरीच आटोक्यात येते. लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटवर नावाशेजारच्या १०० बाय १००च्या चित्राला ४० किलोबाइटची मर्यादा होती, तेव्हा एकेक हिमकण परवडतो का ते बघून टाकावा लागे.

काकांच्या गुलाबाचा हिसका मात्र असा सुटणार नाही. बर्फ चित्रात मुरलेला आहे, त्याचा थर वेगळा उरलेला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर जीआयएफ म्हणून जे हलतं ते आतून व्हिडिओ असतं, तेव्हा आधी फ्रेम सुट्या करायच्या. मग त्या एकावर एक रचून वरच्या प्रत्येकीचा मोड ‘डार्कन ओन्ली’ करायचा. दर पिक्सेलला सगळ्या फ्रेममधला सर्वांत गडद रंग तेवढा राहतो. एखाद्या तरी फ्रेममध्ये त्या जागी हिमकण नसतोच, त्यामुळे पाच-सहा फ्रेममध्येच बर्फ नाहीसा होतो आणि खालून कोरडा, उन्हाळ्यातला गुलाब वर येतो.

‘शुभ सकाळ’ तेवढं जात नाही. तीही अक्षरं पांढरीच, पण सगळ्या फ्रेममध्ये एकाच जागी बसलेली.