गंडम कुठून सुरू करू? तुम्ही विचारलंत म्हणून

दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, की गंडम (माणसं आत बसून चालवतात त्या अवाढव्य रोबोंच्या युद्धाचं जपानी ॲनिमे) बघायचंय पण सिरीज, पिक्चर, मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स असं ढीगभर आहे, सुरुवात कुठून करू? विचारणाऱ्याला शॉर्टकट हवा असतो हे मला माहितीये, म्हणजे ते १९८१-८२ मधले तीन पिक्चर, ज्यात पूर्ण सिरीज कापून-जोडून बसवलीये. वाईट नाहीयेत ते, उलट खेळणीवाल्या स्पॉन्सरसाठी घुसडलेलं जी-आर्मर नावाचं धूड त्यात काढून टाकलंय, छानच झालं. पण तरी माझं उत्तर एकच, १९७९ ची मूळ टीव्ही सिरीज, ४३ भाग, पहिल्यापासून.

खरं तर ५२ भाग ठरले होते, खेळणी खपेनात म्हणून ४३ वर आटपलं, आणि मग १९८० मध्ये बांदाई या खेळण्यांच्या कंपनीने ३०० येनला प्लॅस्टिकची जोडायची किट्स काढली आणि लोक तुटून पडले. (मी माझं पहिलं किट नेलकटरने कापून जोडलं होतं, त्या झाकूचा, म्हणजे शत्रूच्या रोबोचा, एक हात अजून गळून पडतो.)

आता जुनीच का, तर तेराव्या भागासाठी. सिरीजचा हिरो आमुरो, पंधरा वर्षांचं पोरगं, पहिल्या भागात मॅन्युअल वाचत वाचत रोबो चालवणारा, तो बऱ्याच काळाने आईला भेटतो. ती निर्वासितांच्या छावणीत काम करतेय. झिऑनचे, म्हणजे शत्रूचे, सैनिक तपासायला येतात, हा पेशंट म्हणून पलंगावर पडलेला, आणि पांघरुणाच्या आतूनच गोळी झाडतो. आई हादरते, म्हणते त्या माणसालाही बायकापोरं असतील रे. रोबोच्या मारामारीसाठी बसलेल्या जपानी पोरांना शनिवारी संध्याकाळी साडेपाचला हे दाखवत होते! हा सीन पिक्चरमध्येही आहे, पण बारा आठवडे त्या पोराबरोबर काढल्यावर तो जसा लागतो तसा तिथे लागत नाही.

आणि पंधरावा भाग तर पिक्चरमध्ये नाहीच. कुकुरुस दोआन नावाचा पळून आलेला झिऑनचा सैनिक एका बेटावर अनाथ पोरं सांभाळतोय, ज्यांचे आईबाप त्याच्याच हातून मेले. शेवटी आमुरो त्याचा झाकू समुद्रात फेकून देतो, कारण त्या मशीनला लागलेला लढाईचा वासच शत्रूला ओढून आणतो म्हणे. गोष्ट अशी, आणि चित्रं इतकी भिकार की दिग्दर्शक तोमिनोने हा भाग अमेरिकेत दाखवूच दिला नाही, झाकूचं तोंड तर कुणी ओढून लांब केल्यासारखं दिसतं.

मांगा आधी वाच म्हणणारेही भेटतात, 'दि ओरिजिन', २००१ ते २०११. काढणारा यासुहिको हाच मूळ सिरीजचा कॅरेक्टर डिझायनर, सिरीज संपत आलेली असताना आजारी पडून हॉस्पिटलमध्ये गेलेला, मग वीस-बावीस वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा स्वतःच्या हाताने काढायला बसला. मला फार आवडतो, पण नंतर वाचा. त्यावरचं २०१५ चं ॲनिमे मुख्यतः आमुरोचा प्रतिस्पर्धी शार, त्याच्या लहानपणाचं आहे, आमुरोची गोष्ट त्यात शोधू नका. तोमिनोच्या कादंबऱ्यांत आमुरो चक्क मरतो, तेव्हा त्या तर सगळ्यात शेवटी.

हां, २०२२ मध्ये यासुहिकोनेच त्या पंधराव्या भागाचा अख्खा पिक्चर केला, मस्त चित्रं, आणि दोआनच्या झाकूचं तोंड मुद्दाम लांबच ठेवलं. जुना भाग बघितलेला नसेल तर ते कशाला लांबय हे कळणारच नाही तुम्हाला.