एका गुळाच्या पट्टीवरून शिका डेटाबेसचा प्रोग्रॅम

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या क्लासला गेलात की पहिल्याच तासाला प्राणी, मग कुत्रा, मग मांजर असं इनहेरिटन्स, म्हणजे 'कुत्रा हा प्राण्याचा प्रकार' असं नातं, शिकवतात. डेस्कटॉपवर डेटाबेसचा प्रोग्रॅम करायला ते फारसं कामी येत नाही. कोल्हापुरात आहात, तर गुळाच्या अडत दुकानाची एक पट्टी, म्हणजे विकलेल्या गुळाच्या हिशोबाची शेतकऱ्याला मिळणारी पावती, समोर घ्या. वर शेतकऱ्याचं नाव-गाव, पट्टी नंबर, तारीख. खाली ओळीओळीनं रवे (गुळाच्या ढेपा), वजन, दर. तळाशी हमाली-तोलाई वजा जाता निव्वळ रक्कम.

प्रोग्रॅममधले क्लास, म्हणजे माहिती आणि तिच्यावरचं काम एकत्र ठेवणारे साचे, तीनच पुरेत: शेतकरी, पट्टी आणि पट्टीओळ. पट्टी हा शेतकऱ्याचा प्रकार नव्हे. पट्टी शेतकऱ्याची असते आणि तिच्यात ओळी असतात. चौथा क्लास भांडार. एसक्यूएलचं, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेचं, प्रत्येक वाक्य फक्त इथंच लिहायचं. पायथन ही भाषा घेतलीत तर एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा डेटाबेस त्याच्यासोबतच येतो.

नवशिक्यांचं हमखास चुकतं ते 'सेव्ह' बटणात. बेरीज, वजावट, इन्सर्ट (डेटाबेसमध्ये नोंद घालणं), सगळं त्या एकाच फंक्शनमध्ये कोंबलेलं. पुढं 'पुन्हा छापा' बटण आलं की तोच हिशोब कॉपी होतो. मग एका जागी दुरुस्ती होते, दुसरीकडं राहते आणि एकाच पट्टीच्या दोन प्रतींवर दोन रकमा येतात. हिशोब पट्टी क्लासमध्ये ठेवा. प्रोग्रॅमची खिडकी न उघडता पट्टीची निव्वळ रक्कम काढता आली, म्हणजे रचना जमली.

आता पैसे. फ्लोट, म्हणजे दशांश अंदाजे साठवणारा प्रकार, वापरू नका; वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशांत, दोन्ही पूर्णांक. २९.६५ किलोचा रवा, दर क्विंटलला ४,२५० रुपये. २९,६५० गुणिले ४,२५,००० भागिले १,००,००० (एका क्विंटलचे ग्रॅम) म्हणजे १,२६,०१२.५ पैसे. पायथनचा राउंड इथं १,२६,०१२ देतो, कारण बरोबर अर्धा आला की तो जवळच्या सम संख्येकडं वळतो. कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला दिवाणजी १,२६०.१३ रुपये लिहितो. म्हणून गुणाकारात आधी ५०,००० (भाजकाचा निम्मा) मिळवा, मग पूर्णांक भागाकार करा. उत्तर १,२६,०१३ येतं.

हमाली-तोलाईचे दर क्लासमध्ये लिहून ठेवू नका. दरांचं वेगळं टेबल करा, त्यात 'कधीपासून लागू' हा रकाना हवाच. शिवाय कापलेली रक्कम पट्टीसोबतच साठवा, म्हणजे दर बदलल्यावरही जुनी पट्टी जशीच्या तशी छापली जाईल. पट्टी नंबर आणि प्रायमरी की (डेटाबेसमधली नोंदीची कायमची ओळख) यांची गल्लत नको: नंबर दर आर्थिक वर्षी १ पासून सुरू होतो, प्रायमरी की मात्र कधीच पुन्हा १ पासून सुरू होत नाही. वर्ष आणि नंबर या जोडीवर युनिक लावा, म्हणजे तीच जोडी दोनदा घालता येणार नाही. तारीख २०२४-११-०२ अशी, वर्ष आधी घालून साठवा, कारण एसक्यूलाइटला तारखेचा वेगळा प्रकार नाही. दिवस आधी लिहिलात तर यादीत २ नोव्हेंबर त्याच वर्षाच्या ३ जानेवारीच्या वर जाऊन बसतो.

एसक्यूलाइटमध्ये फॉरेन की, म्हणजे पट्टीचा शेतकरी खरंच टेबलात आहे ना हे पाहणारा नियम, सहसा बंदच असते. प्रत्येक कनेक्शन उघडताच प्राग्मा (एसक्यूलाइटची सेटिंगची आज्ञा) देऊन ती चालू करा, नाहीतर शेतकरी डिलीट होईल आणि त्याच्या पट्ट्या बेवारस राहतील. पट्टी आणि तिच्या ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं होईल नाहीतर काहीच नाही अशा गटात, घाला. पट्टीचं डोकं (नाव, नंबर, तारीख) डेटाबेसमध्ये गेलं आणि ओळी जायच्या आत वीज गेली, तर अर्धी पट्टी शिल्लक राहता कामा नये. दुकानात दोन कॉम्प्युटर असतील तर एसक्यूलाइटची फाइल शेअर फोल्डरमध्ये मुळीच ठेवू नका. नेटवर्कवरच्या फाइलला लॉक भरवशाचं नसतं आणि फाइल खराब होऊ शकते. तिथं एका मशीनवर पोस्टग्रेस, म्हणजे अनेक कॉम्प्युटरांना एकाच वेळी वापरता येणारा डेटाबेस, चढवा. क्लास नीट वेगळे केले असतील तर बदल फक्त भांडारात होतो.

आणि मराठी नावं! 'कुऱ्हाडे' शोधलं तर सापडत नाही, यादीत मात्र दिसतं. त्यातला अर्धा ऱ एका कीबोर्डवरून ऱ हे एकच अक्षर आणि हलंत असा येतो, दुसऱ्यावरून र, नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आणि हलंत असा, तिसऱ्यावरून र, हलंत आणि न दिसणारा जोडक असा. पडद्यावर तिन्ही सारखेच. पहिले दोन एनएफसी नॉर्मलायझेशननं, म्हणजे युनिकोडची अक्षरं एकाच ठरलेल्या रूपात आणण्याच्या पद्धतीनं, एक होतात. तिसरा होत नाही, तो स्वतः बदलावा लागतो. हे काम शेतकरी क्लासमध्ये, नाव आत घेतानाच करा आणि शोधाच्या चौकटीतलं नावही त्याच फंक्शनमधून जाऊ द्या.