आमची वाटचाल : गाडी आधी पाटावर उलटू द्या

वाहन डिझाइन शिकवणारा बोर्ड गेम आम्ही बनवतो असं सांगितलं, की समोरच्याच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा प्रश्नमंजुषा येते. वर इंजिनचं चित्र, खाली चार पर्याय. तसे खेळ आहेत आणि ते खपतातही. आम्हाला त्यात पडायचं नव्हतं. भागांची नावं पाठ झाली म्हणून कोणाला गाडी आखता येत नाही. एक गोष्ट मिळवायला दुसरी किती सोडायची हे ठरवणं म्हणजे डिझाइन. ही ठरवण्याची पाळी खेळणाऱ्यावर प्रत्येक फेरीत आलीच पाहिजे, या हट्टापायी आमची छोटीशी कंपनी सुरू झाली.

मी आणि माझी भागीदार, दोघंही आधी वाहनांच्या डिझाइन विभागात नोकरीला होतो. तिथे नव्याने येणारी मुलं हुशार असत, गणितं पटापट सोडवत. पण ब्रेकची डिस्क मोठी केली की रिम मोठी लागते, रिमबरोबर टायर वाढतो, आणि वाढलेला टायर पूर्ण वळवला की चाकाच्या कमानीला घासतो, ही साखळी त्यांच्या अंगवळणी पडायला फार वेळ जाई. यात त्यांचा काही दोष नाही. पुस्तकात ब्रेकचं प्रकरण वेगळं, चाकांचं वेगळं. गाडीत मात्र सगळे भाग त्याच जागेवर आणि त्याच वजनावर हक्क सांगत असतात. ही ओढाताण शाळेतच हाताखालून गेली तर, असा विचार आम्ही जेवणाच्या सुट्टीत बोलून दाखवायचो. पुढे नोकरी सोडली आणि तेच काम झालं.

खेळ असा आहे. प्रत्येकापुढे चौकटी आखलेला एक पट, हीच त्याची चॅसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. एक कामाचा पत्ता उचलायचा: घाटातून रुग्ण नेणारी गाडी, अरुंद गल्ल्यांत सामान पोहोचवणारी, चिखलात न रुतणारी. मग इंजिन, टाकी, बॅटरी, सीट, ब्रेक यांचे लाकडी ठोकळे आळीपाळीने निवडून पटावर मांडायचे. जो भाग खऱ्या गाडीत जड, त्याचा ठोकळाही हाताला जड लागतो, कारण आत पोलादी चकत्या बसवल्या आहेत. हे महागात पडतं. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर वजनाचा आकडा छापून भागलं असतं, असं आम्हाला अनेकांनी सुचवलं. पण जड बॅटरी उचलताना मनगटाला जे कळतं ते आकडा वाचून कळत नाही, यावर आम्ही दोघंही ठाम होतो आणि आहोत.

वजन खरं ठेवल्यामुळेच खेळातली सगळ्यात चांगली गोष्ट शक्य झाली, ती म्हणजे कलता पाट. मांडणी पूर्ण झाली की गाडी या पाटावर आडवी ठेवायची आणि पाटाची एक बाजू खाचेखाचेने वर उचलत न्यायची. खऱ्या वाहनांचीही अशी चाचणी होते. संपूर्ण ट्रक तिरक्या होणाऱ्या मंचावर उभा करून कोणत्या कोनाला वरच्या बाजूची चाकं सुटतात ते पाहतात. त्यामागचं गणित साधं आहे. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या, म्हणजे गाडीचं सगळं वजन जिथे एकवटलं असं धरता येतं त्या बिंदूच्या, उंचीने भागायचं. अंतर १.५ मीटर आणि उंची ०.६ मीटर असेल तर उत्तर १.२५ येतं, आणि पाट सुमारे ५१ अंशांपर्यंत उचलला तरी गाडी उलटत नाही. तीच उंची १ मीटर झाली तर उत्तर ०.७५, कोन सुमारे ३७ अंश. वळणावरही हाच आकडा कामाला येतो: गुरुत्वाकर्षणाच्या किती पट आडवा जोर बसला की गाडी उलटेल, ते तो सांगतो. सस्पेन्शन आणि टायर दबतात म्हणून खरी गाडी याच्या थोडी आधीच उलटते, पण समज पक्की व्हायला एवढं पुरतं.

लहान मुलांना हा भागाकार करावा लागत नाही. टपावर सामान लादलेली गाडी तिसऱ्या-चौथ्या खाचेलाच आडवी होते, बॅटरी तळाशी पसरलेली गाडी टिकून राहते, आणि कारण त्यांना दिसतं. मोठ्यांसाठी भागाकाराचा तक्ता वेगळा दिला आहे. आधी आकडा काढायचा, मग पाट उचलून पडताळायचा.

एका शाळेतल्या चाचणी खेळात एक मुलगी हट्टाला पेटली. तिची गाडी बुटकी आणि रुंद होती. पाट उचलत गेलो तशी ती उलटली नाही, सरळ घसरून खाली आली. "मग मी हरले की जिंकले?" तिने विचारलं. प्रश्न अगदी योग्य होता. टायर वजनाच्या किती पट आडवा जोर धरून ठेवतो, तो आकडा म्हणजे त्याची पकड; कोरड्या डांबरी रस्त्यावर ती साधारण ०.७ ते ०.९ असते. ज्या गाडीचा उलटण्याचा आकडा त्याहून बराच मोठा, ती सपाट रस्त्यावर आधी घसरते. भरलेल्या उंच ट्रकचा आकडा पुष्कळदा ०.५ च्याही खाली असतो, म्हणून तो घसरण्याआधीच उलटतो. मंचावरच्या खऱ्या चाचणीत चाक घसरू नये म्हणून खालच्या बाजूला बुटकी पट्टी लावतात. आम्ही ती मुद्दाम लावली नाही. पाटावर पॉलिश पेपर आणि चाकांखाली रबराची पट्टी आहे, आणि 'घसरली' व 'उलटली' असे दोन वेगळे निकाल नियमपुस्तिकेत आहेत. त्या मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही ओल्या रस्त्याचा गुळगुळीत पत्राही खोक्यात घातला.

बॅटरीचा ठोकळा हा माझा सर्वांत लाडका. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते; लिथियम-आयन बॅटरीच्या पूर्ण पॅकमध्ये किलोमागे ०.१५ ते ०.२ च्या आसपास. मोटर इंजिनापेक्षा कितीतरी कार्यक्षम असते हे धरलं तरी दरी मोठीच राहते. त्यामुळे लांब पल्ल्याचा पत्ता आलेला खेळाडू बॅटरी वाढवतो, मग चॅसिस बळकट करावी लागते, ब्रेक मोठे घ्यावे लागतात, वाढलेलं वजन ओढायला पुन्हा बॅटरी. पण तेच वजन तळाशी असल्याने पाटावर गाडी भक्कम उभी राहते. मुलं यावर तावातावाने वाद घालतात आणि दोन्ही बाजूंकडे खरी कारणं असतात. असा वाद रंगला की मला फार समाधान वाटतं.

आणखी दोन चाली मुलं स्वतःच शोधून काढतात. एक म्हणजे इंजिनचा ठोकळा आडवा फिरवणं. तसं केलं की प्रवाशांसाठी चौकटी मोकळ्या होतात. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी १९५९ च्या मिनी गाडीत हेच केलं, आणि जेमतेम ३ मीटर लांबीत चार माणसं बसवली. दुसरी चाल उशिरा सुचते: पुढच्या चौकटी रिकाम्या सोडणं. टकरीत पुढचा भाग चुरगळून ऊर्जा शोषून घेतो, ही कल्पना अभियंता बेला बारेनी यांनी मांडली होती. आमच्या पटावर म्हणूनच मोकळ्या जागेलाही सुरक्षेचे गुण आहेत. जागा पैशासारखी जपणारा खेळाडू ती रिकामी ठेवायला तयार होतो, तेव्हा त्याला खेळ कळला असं आम्ही मानतो.

धंद्याची बाजूही सांगतो. पहिल्या छपाईतले पट वाकले. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद चिकटवला की गोंद वाळताना कागद आखडतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. "खेळता खेळता सरळ होतील," असं छपाईवाल्यांचं म्हणणं होतं. इतर खेळांत चाललंही असतं, आमच्या खेळात गाडीच तिरकी उभी राहत होती. आता दोन्ही बाजूंना सारखा कागद लागतो आणि माल दाबाखाली वाळतो. प्रत्येक जड ठोकळा खोक्यात जाण्याआधी वजनकाट्यावरून जातो. हरवलेला ठोकळा सुटा मिळतो, त्यासाठी नवा संच घ्यावा लागत नाही.

वितरकांनी प्रश्नपत्ते घाला, ॲप काढा, असा आग्रह बराच धरला. आम्ही नाही म्हटलं, आणि त्यामुळे काही मोठ्या ऑर्डरी गेल्या. शिक्षकांची मागणी वेगळी होती: एका तासिकेत डाव संपला पाहिजे. ती रास्त होती. त्यांच्यासाठी अर्धी चॅसिस आधीच मांडलेली छोटी आवृत्ती केली, आणि आज शाळांमध्ये तीच जास्त जाते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षासाठी महाविद्यालयं पूर्ण संच घेतात, ते गिऱ्हाईक आमच्या हिशेबातच नव्हतं.

खोक्यात इतिहासाचे थोडेच पत्ते आहेत. त्यांतला एक बेर्था बेंझ यांचा. १८८८ मध्ये त्या दोन मुलांना घेऊन पती कार्ल बेंझ यांनी बनवलेली तीनचाकी मोटारगाडी जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेल्या, शंभरेक किलोमीटर. चढावर गाडी ढकलावी लागली, वाटेत ब्रेकच्या ठोकळ्यांना चामडं लावून घ्यावं लागलं. त्या प्रवासानंतर गाडीला चढासाठी जादा गिअर मिळाला. हा पत्ता ज्याच्या हाती येतो त्याला चाचणी झाल्यावरही एक भाग बदलता येतो.

सध्या ट्रेलरच्या पुरवणीवर काम चालू आहे. माल चाकांच्या आसाच्या मागे जास्त ठेवला तर वेगात ट्रेलर डावीउजवीकडे झुलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही फरफटवतो. थोडा पुढे ठेवला तर शांत चालतो. हे टेबलावर दाखवायला कलता पाट उपयोगाचा नाही, म्हणून सरकत्या पट्ट्यावर छोटा ट्रेलर चालवून पाहत आहोत. पट्टा हाताने फिरवायचा आहे, बॅटरीवर नाही, कारण वेग वाढवताना झुलणं कुठे सुरू होतं ते हाताला जाणवलं पाहिजे. ज्या शिक्षकांना वर्गात हा नमुना खेळवून बघायचा असेल त्यांनी जरूर कळवावं, संच आम्ही पाठवू. मुलांनी काय विचारलं तेवढं मात्र लिहून ठेवा.