आमची वाटचाल: हलक्या वाऱ्यासाठी पहिली काइट

काइटसर्फिंगचं, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीवर बोर्डवर उभं राहून पाण्यावर धावण्याच्या खेळाचं, सामान दुरुस्त करणं, भाड्यानं देणं आणि विकणं ही आमच्या छोट्या फर्मची तीन कामं, आणि सुरूही याच क्रमानं झालेली. त्यामुळे विक्रीची आमची पद्धत दुरुस्तीच्या टेबलावर घडली. फाटलेलं कापड, झिजलेल्या पुल्या, ताणून लांब झालेल्या दोऱ्या यांवरून काइट कशासाठी घेतली होती आणि प्रत्यक्षात कशी वापरली गेली हे बरोबर कळतं. पहिली काइट घ्यायला येणाऱ्या बहुतेकांना ८ ते १४ नॉटच्या वाऱ्यात खेळायचं असतं. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. ‘वारा कमी असतो, तेव्हा सगळ्यात मोठी काइट द्या,’ ही मागणी सारखी येते. आमचा माल, आमचे प्रश्न आणि आमची तपासणी या एका मागणीला नीट उत्तर देता देता ठरत गेली.

मागणीमागचा हिशेब चुकीचा नाही. काइटची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. १४ नॉटला जी ओढ मिळते, तिच्या साधारण निम्मीच १० नॉटला मिळते. म्हणजे कागदावर दुप्पट कापड हवं. पण कापडाबरोबर वजन वाढतं, पुढची हवेची नळी जाड होते आणि काइट वळायला आळशी होते. हलक्या वाऱ्यात ओढ निर्माण होते ती काइट आकाशात वरखाली फिरवल्यामुळे. ती जितकी चपळ, तितका तिच्या कापडावरून जाणारा वारा जास्त. १७ चौरस मीटरची काइट हळू वळते, आणि वारा क्षणभर पडला की स्वतःच्याच वजनानं खाली येते. नवशिक्याचा हात अजून बसलेला नसतो, त्याला हे फार जड जातं. म्हणून आमचं मत पक्कं आहे: पहिली काइट मध्यम मोठी घ्यावी आणि उरलेली भरपाई बोर्डानं करावी.

माल निवडताना हेच धोरण ठेवलं. हवा भरलेल्या नळीची काइट फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंची. त्यांचं पेटंट १९८४ चं, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘विपिका’ या नावानं ती बाजारात आली. सुरुवातीच्या काइट इंग्रजी सी अक्षरासारख्या खोल वळणाच्या असत; बार (दोऱ्या जोडलेला हातातला दांडा) सोडला तरी त्यांची ओढ फारशी कमी होत नसे. २००५ च्या सुमारास ब्रिडलवर (काइटच्या पुढच्या कडेला जोडलेल्या आखूड दोऱ्यांच्या जाळ्यावर) तोललेल्या, चपट्या ‘बो’ काइट आल्या आणि बार पुढे सोडताच ओढ जवळजवळ पूर्ण उतरू लागली. मोठी काइट नवख्या हाती देता येते ती या एका बदलामुळे. सी आकाराच्या काइट आम्ही पहिल्या खरेदीसाठी दाखवतच नाही.

त्यानंतर प्रश्न स्ट्रटचा, म्हणजे पुढच्या नळीपासून मागच्या कडेकडे जाणाऱ्या हवेच्या आडव्या नळ्यांचा. पाच स्ट्रटची काइट आकार छान धरते, पण जड असते. एका स्ट्रटची बरीच हलकी. वारा पडला तरी तरंगत राहते, मात्र वारा वाढला की कापड फडफडू लागतं आणि मागची कड लवकर झिजते. पहिल्या काइटसाठी आम्ही तीन स्ट्रटवर स्थिरावलो आहोत: वजन बेताचं, आकार टिकणारा आणि पाण्यातून उठायला सोपी. टोकांचा विस्तारही मध्यम हवा. लांबट, अरुंद काइट वाऱ्याविरुद्ध छान चढते, पण पाण्यात पडली की रुसते.

पॅरिस २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये काइटचा समावेश झाल्यापासून नळ्या नसलेल्या फॉइल काइटबद्दल विचारणा वाढली आहे. मंद वाऱ्यात त्यांच्याइतकं काहीच चांगलं चालत नाही, हे खरं. पण पहिली काइट म्हणून आम्ही ती देत नाही. पाण्यात बराच वेळ पडून राहिली की कप्प्यांत पाणी शिरतं आणि ती उठत नाही. ब्रिडलच्या असंख्य बारीक दोऱ्या गुंतल्या तर पाण्यात त्या सोडवणं अशक्यच. शिवाय हवेच्या नळ्या असलेल्या काइटवर पडून किनाऱ्याकडे येता येतं, तो आधार इथे मिळत नाही.

आता माप. सोयीचं सूत्र असं: किलोतलं वजन गुणिले २.२, भागिले नॉटमधला वारा. ६० किलोच्या माणसाला १२ नॉटसाठी ११ चौरस मीटर येतात, ७५ किलोला पावणेचौदा, ९० किलोला साडेसोळा. हे सूत्र ट्विनटिप (दोन्ही टोकं सारखी असलेल्या नेहमीच्या) बोर्डासाठी आणि अंदाजापुरतंच. पहिल्या दोघांसाठी उत्तर जवळपास तेच ठेवतो, ११ किंवा १२ आणि १४. ९० किलोवाल्याला मात्र १७ न देता १४ किंवा १५ आणि मोठा बोर्ड सुचवतो. दिवस गरम असेल तर थोडी ओढ आणखी वजा करावी लागते; ३५ अंशांची हवा १० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ८ टक्के विरळ असते, त्यामुळे वारामापकावर आकडा तोच दिसला तरी हाताला ओढ कमी जाणवते.

बोर्डाचं महत्त्व पटवणं हे आमच्या भाड्याच्या विभागाचं मोठं काम झालं आहे. १३८ बाय ४१ सेंटिमीटरचा नेहमीचा बोर्ड आणि १६० बाय ४६ चा हलक्या वाऱ्याचा बोर्ड यांच्या लांबी-रुंदीचा गुणाकार केला तर फरक ३० टक्के निघतो. मोठा बोर्ड कमी ओढीत पाण्यावर उठतो आणि उठल्यावर वेग टिकवतो. वेग टिकला की काइटवर येणारा वारा आपोआप वाढतो. त्याचा तळ शक्य तितका सपाट हवा. टोकं जास्त उचललेला बोर्ड पाणी ढकलत बसतो. हातात काइट आणि बोर्ड यांपैकी एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर काइट काही काळ भाड्यानं घ्या आणि बोर्ड विकत घ्या, असं आम्ही स्पष्ट सांगतो. हायड्रोफॉइल, म्हणजे बोर्ड पाण्याच्या वर उचलणारा पाण्याखालचा पंख, हा पुढचा टप्पा. त्यावर १० ते १२ नॉटमध्ये ९ चौरस मीटरचीही काइट पुरते. पण वाऱ्याविरुद्ध चढत निघाल्या जागी परतणं जमल्यावरच त्याकडे वळावं.

बार आणि दोऱ्यांकडे गिऱ्हाइकाचं लक्ष सर्वांत कमी जातं. १२ ते १४ चौरस मीटरच्या काइटला ५२ ते ५५ सेंटिमीटरचा बार लागतो. लहान काइटचा आखूड बार लावला तर वळण आणखी मंदावतं. दोऱ्या २४ मीटरच्या ठेवाव्यात. काइट जास्त उंचीवर, तिथल्या थोड्या जास्त वाऱ्यात राहते आणि तिला फिरायला मोठी जागा मिळते. त्याहून फार लांब दोऱ्यांनी मात्र बार ओढल्यावर काइट उशिरा उत्तर देते.

‘ही काइट हलक्या वाऱ्यात उडतच नाही,’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या काइटमध्ये आम्ही आधी दोऱ्या मोजतो. पुढच्या दोन दोऱ्यांवर जास्त भार असतो, म्हणून वापरानं त्याच अधिक लांबतात. परिणामी मागच्या दोऱ्या तुलनेनं आखूड होतात आणि काइटची मागची कड सतत ओढलेली राहते. जोराच्या वाऱ्यात हे खपून जातं. १० नॉटला काइट मागे झुकते, थबकते आणि शेपटीच्या बाजूनं खाली सरकू लागते. तपासणी सोपी आहे. चारही दोऱ्यांची टोकं एकाच खुंटीला अडकवायची, ओढ कमी करणारा पट्टा पूर्ण सैल करायचा, बार हार्नेसच्या (कमरेच्या पट्ट्याच्या) कडीपर्यंत खेचायचा आणि मागे रेलून ताण द्यायचा. बहुतेक बारमध्ये या स्थितीत चारही दोऱ्या सारख्या लांबीच्या असायला हव्यात. आपल्या बारची पुस्तिका वेगळं सांगत असेल तर तिचं ऐकावं. बार वाकडा दिसला तर डाव्या-उजव्या दोऱ्यांत फरक आहे. बार सरळ असून मागच्या दोऱ्या ताठ आणि पुढच्या सैल असतील, तर मागच्या दोऱ्या एक गाठ बाहेर बांधायच्या आणि पुन्हा ताण देऊन बघायचं. भाड्यानं जाणाऱ्या प्रत्येक बारची ही तपासणी आमच्याकडे ठरलेली आहे.

हवा भरताना व्हॉल्व्हजवळ छापलेला आकडा पाहावा. मोठ्या काइटला लहानपेक्षा कमी दाब लागतो, साधारण ५ ते ७ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक), कारण नळी जाड असली की तेवढ्याच दाबानं शिवणीवर जास्त ताण येतो. कमी हवा हाही मोठा दोष. झुळूक आली की काइट मधोमध दुमडते आणि पाण्यात पडल्यावर उठत नाही. टोक हातानं वाकवून सोडावं. ते झटकन सरळ व्हायला हवं.

पाण्यातून काइट उठवणं हलक्या वाऱ्यात कौशल्याचं काम आहे. नळीवर पालथी पडलेली काइट लगेच जोरात ओढू नये. बार पुढे सोडायचा, एकाच बाजूची मागची दोरी हातानं हळूहळू ओढून धरायची आणि काइट जिथवर उडू शकते त्या वाऱ्याच्या क्षेत्राच्या कडेपर्यंत तिला सरकू द्यायची. टोक पाण्यावर उभं राहिलं की ताण तसाच ठेवून थांबायचं. उडतानाची उलटी चूकही नेहमीची: काइट डोक्यावर ठेवून उभं राहिलं आणि वारा पडला, की ती माणसाच्या मागे जाते, दोऱ्या सैल होतात आणि ती पानासारखी गळून पडते. दोऱ्या सैल वाटताच मागे सरकावं आणि काइट एका बाजूला खाली आणून हलती ठेवावी. बार कवटाळून ओढला तर ती आणखी लवकर पडते.

हलका वारा सुरक्षितच असतो असा समज आम्ही विक्रीच्या आधीच दूर करतो. १० नॉटला घेतलेली १४ ची काइट वारा २० नॉट झाला की चौपट ओढते. पाण्यावर सगळीकडे पांढरे तुरे दिसू लागले तर मोठी काइट उतरवायची वेळ झालेली असते. किनाऱ्यावरून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्यात पाण्यात उतरूच नये. वारा तिरका किनाऱ्याकडे येणारा हवा. वारा पूर्ण पडला तर पोहत परतता येईल, त्यापलीकडे जाऊ नये. क्विक रिलीजसाठी, म्हणजे संकटात काइटची ओढ झटकन सोडवणाऱ्या यंत्रणेसाठी, आयएसओ २१८५३ हे मानक २०२० मध्ये आलं. नवा बार घेताना त्याला अनुरूप आहे का, ते विचारा. जुना असेल तर रिलीज भाराखाली ओढून पाहा, गोड्या पाण्यानं धुवा आणि वाळू अडकलेली नाही ना, ते बघा.

वापरलेली काइट घ्यायची असेल तर पूर्ण दाबानं भरून स्ट्रटच्या क्लिपा बंद करा आणि रात्रभर सावलीत ठेवा. सकाळी एकच नळी मऊ झाली असेल तर गळती तिच्याच ब्लॅडरमध्ये (आतल्या हवेच्या पिशवीत) किंवा व्हॉल्व्हमध्ये आहे, आणि ती दुरुस्त होते. सगळी काइट सारखीच मऊ पडली तर आधी मुख्य नळीचा व्हॉल्व्ह साबणाच्या पाण्यानं तपासा. कापड मात्र दुरुस्त होत नाही: बोटांत चुरगळून पाहा, कुरकुरीत आवाज यायला हवा. उन्हानं मेलेलं कापड रुमालासारखं मऊ लागतं, त्यातून हवा झिरपते, आणि हलक्या वाऱ्यात अशी काइट कितीही मोठी असली तरी उभी राहत नाही. शेवटी ब्रिडलच्या पुल्या बोटानं फिरवून बघा. अडकलेली पुली दोरी कापते, आणि तिची जोडीदार दुसऱ्या बाजूला ठीक असली तरी दोन्ही एकदमच बदलाव्यात.