केअरचं स्विस कॉटेज: लॉर्डसाहेबांची भातुकली

गावाचं स्पेलिंग बघून मी बसमध्ये चढताना 'काहीर' म्हणाले, तर चालकाला काही केल्या कळेना. उच्चार आहे 'केअर'. तिथल्या नदीचं नाव 'शूर', ते मात्र आईला फारच आवडलं. डब्लिन-कॉर्क मार्गावरची बस आयर्लंडच्या टिपरेरी काउंटीतल्या या गावात थांबते. रेल्वे स्टेशनही आहे, पण गाड्या मोजक्याच. त्यांच्या भरवशावर राहू नका.

किल्ला बघाच. तो नदीतल्या खडकावर उभा आहे, 1375 पासून बटलर घराण्याकडे होता आणि 1599 च्या वेढ्यातला तोफगोळा अजून भिंतीत रुतून बसलाय. आम्ही तो तासाभरात उरकला, कारण खरं निघालो होतो ते याच घराण्याच्या स्विस कॉटेजसाठी. किल्ल्यापासून शूरच्या काठाने साधारण दोन किलोमीटर चालायचं. वाट सोपी, पण पाऊस पडून गेला असेल तर चिखल. चांगले बूट घाला.

या घरात स्विस असं फारसं काही नाही. 1810 च्या सुमारास रिचर्ड बटलर या लॉर्डने (पुढे ग्लेनगॉलचा पहिला अर्ल) ते बांधलं. आराखडा जॉन नॅशचा मानतात. ब्रायटनचा रॉयल पॅव्हिलियन करणारा तोच. गवताने शाकारलेलं छप्पर भुवईसारखं खिडक्यांवर उतरलंय, आणि एका खिडकीचा दुसरीशी मेळ नाही. गवंडी चुकला असं वाटतं, पण ही चूक नकाशातच होती! घर जमिनीतून उगवल्यासारखं दिसायला हवं ना. व्हरांड्याचे खांब म्हणजे चक्क झाडांचे ओबडधोबड बुंधे. आईने एकावर हात फिरवला आणि म्हणाली, "आजोळच्या पडवीला असेच होते. पण वाकडे मुद्दाम शोधून कोण आणतं गं?"

आत गोल जिना, आणि एका खोलीत पॅरिसच्या द्युफूर कारखान्याचा वॉलपेपर, त्यावर तुर्कस्तानातल्या बॉस्फरस सामुद्रधुनीचा किनारा. इथे कोणी कायम राहिलं नाही. चहा, सहली, पाहुणे, आणि चार घटका साध्या खेडुतांचं सोंग. गंमत अशी की, सांगतात, हा रिचर्ड लहानपणी खरोखरच गरिबीत वाढला. वारसा त्याच्याकडे आलाय हे कळल्यावर ब्लार्नी किल्ल्याच्या जेफ्रीजबाईंनी त्याला हुडकून काढलं आणि आपली मुलगी एमिली त्याला दिली. हे खरं असेल तर झोपडी कशी असते ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यात वॉलपेपर नसतो, हेही.

मधल्या काळात घर पडीक झालं होतं. 1985 मध्ये डागडुजी सुरू झाली, 1989 मध्ये ते लोकांसाठी उघडलं.

आत फक्त गाइडसोबत सोडतात, तेही थोडेथोडे लोक. आमची टूर पाच मिनिटांनी हुकली आणि पुढचीसाठी बाहेर कुडकुडत बसावं लागलं. म्हणून आधी कॉटेज, मग किल्ला असा क्रम ठेवा. हिवाळ्यात बंद असतं, तारखा बघूनच निघा. जिना अरुंद आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी आमच्या आईसारखं खालच्या खोल्यांवर समाधान मानावं. आणि डबा न्या. नदीकाठी बसून थालीपीठ खाताना आमच्याभोवती बदकं जमली होती.